मयुरीच्या तोंडातली तार आणि कानबाईचा रोट

॥ कानबाई माता प्रसन्न ॥

यावल,
श्रावण शुद्ध दशमी, बुधवार

तीर्थस्वरूप सौ. सुनंदाअक्का यांस,
धाकट्या जावेचा, मंदाचा, वाकून नमस्कार.

आम्ही सोमवारी रात्री सुखरूप पोचलो. तुमचा गुडघा आता कसा आहे? कानबाईचं विसर्जन होईपर्यंत तुम्ही त्याला हूं की चूं करू दिलं नाही, पण आता तो सगळं व्याजासकट वसूल करत असेल. निर्गुडीचा पाला शेकून बांधा, फुकटचा उपाय आहे. मोठ्या भाऊंची साखर, किरणची नोकरी, तुमची दुभती गाय, सगळं ठीक असावं. इकडे हे बरे आहेत. केळीवर करपा आहे, पण तो दरवर्षीच असतो.

अक्का, फोन असताना ही बाई पत्र का लिहिते, असं तुम्हाला वाटेल. (टपालाचा खर्च नाही. उखर्डूभाऊ शुक्रवारी धुळ्याला केळीची गाडी घेऊन येतोय, त्याच्या हाती देते.) कारण असं की तुमच्या घरात फोन कायम मोठ्या आवाजावर असतो आणि सासूबाई शेजारी बसून ऐकतात. त्यांना वाचता येत नाही, म्हणून पत्र. तेव्हा हे मोठ्याने वाचू नका, आणि किरणलाही वाचायला देऊ नका, तो हसला की सासूबाई विचारतातच.

रविवारी तुम्ही गच्चीवर चुलीपाशी पोळ्या लाटत होतात, त्यामुळे खाली काय झालं ते तुम्हाला इतरांच्या तोंडूनच कळलं असणार. म्हणजे आमच्या मयुरीच्या अंगात कानबाई आली, एवढंच. खरं काय झालं ते फक्त मला आणि मयुरीला माहीत आहे, आणि आता तुम्हाला सांगते. पण त्यासाठी थोडं मागून सुरुवात करावी लागेल.

मयुरीचे वरचे दात कसे एकावर एक चढलेत ते तुम्ही पाहिलंच आहे. लहानपणी आपण सगळ्या त्याला गोड म्हणायचो. पण गेलं वर्षभर ही पोर हसली की हात आधी तोंडावर जातो, हसू मागून येतं. पंधरा ऑगस्टच्या सूत्रसंचालनाला बाईंनी तिचं नाव काढलं तर आवाज बसलाय म्हणून सांगून आली. (घरी त्याच आवाजात भावाशी तासभर भांडली.) फोटो काढायचा म्हटला की ओठ असे मिटते की जणू तोंडात पाणी धरलंय. मग मी जळगावला दातांच्या तारवाल्या डॉक्टरांना दाखवून आले. ते म्हणाले, तेराव्या वर्षी आलात ते उत्तम, पक्के दात आलेत आणि जबडा अजून वाढतोय, आता दात ऐकतात. दीड-दोन वर्षं लागतील. पुढे ढकललं तरी होतं, पण वेळ जास्त लागतो आणि जबड्याची वाढ संपली की काही मुलांचं काम नुसत्या तारेने भागत नाही. मला लगेच तुमचा किरण आठवला. नोकरी लागल्यावर बघू म्हणत बाविसाव्या वर्षी तार बसवली आणि साखरपुड्याच्या सगळ्या फोटोंत बिचारा तोंड मिटून बसला, मुलीकडच्यांना वाटलं मुलाला स्थळ पसंत नाही.

खर्च ऐकून मात्र मीच तोंड मिटलं. पंचेचाळीस हजार, तेही साध्या स्टीलच्या तारेचे. दातांच्या रंगाची हवी तर आणखी जास्त, आणि ती पारदर्शक टोपी का काय असते तिचा आकडा मी मयुरीला ऐकूच दिला नाही. मी विचारलं, डॉक्टर, हसताना वरचेच दात दिसतात, तर फक्त वरच्यांचं किती? (भाजीवालीशी बोलायची सवय, काय करणार.) डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, वहिनी, दाराची एकच फळी सरळ केली तर कडी लागेल का? ते मला पटलं. मग हप्ते ठरले, आणि माझी भिशी याच महिन्यात लागली, म्हणून पहिला हप्ता कोणाकडे न मागता झाला. घरच्या हिशेबात हा खर्च कुठल्या सदरात लिहावा याचा मी दोन दिवस विचार केला. शेवटी ‘दुरुस्ती’मध्ये टाकला, विहिरीच्या मोटारीच्या खाली.

राहिल्या सासूबाई. त्यांचं म्हणणं तुम्हाला ठाऊक आहे, देवाने दिलेल्या दातांना हात लावायचा नाही, आणि लावायचाच तर लग्न ठरल्यावर, म्हणजे सासरचेही अर्धे पैसे देतील. शिवाय डॉक्टरांना जागा करायला वरचे दोन दात काढायचे होते, आणि वरचा दात काढला की डोळा जातो अशी त्यांची पक्की समजूत. म्हणून मी त्यांना सांगितलंच नाही. दात काढले तेव्हा गणवेश आणायला जळगावला गेलो होतो. (गणवेशही आणला. खोटं नको.)

आता माझी चूक ऐका. तार बसवायला डॉक्टरांनी शुक्रवार दिला होता. पण शुक्रवारी नागपंचमी. त्या दिवशी आपण विळी हातात धरत नाही, तवा चुलीवर ठेवत नाही, आणि पोरीच्या तोंडात चिमटे-पकडी घालू द्यायच्या? मी म्हटलं, डॉक्टर, शनिवार द्या. शनिवारी आम्हाला कानबाईसाठी धुळ्याला यायचंच होतं, सासूबाई आणि हे दोन दिवस आधीच पुढे आलेले. म्हणजे यावलहून निघायचं, जळगावला तार बसवायची, आणि तिथूनच धुळ्याची एस. टी. धरायची, एका भाड्यात दोन कामं, तेही बायकांच्या अर्ध्या तिकिटात. मी स्वतःवर इतकी खूश होते की डॉक्टर निघताना काय म्हणाले ते डोक्यात शिरलंच नाही. ते म्हणाले, आठवडाभर मऊ खायचं, कडक काही चावायचं नाही. बस एरंडोलच्या पुढे गेल्यावर माझ्या डोळ्यांपुढे कानबाईच्या प्रसादाचा जाड, खरपूस रोट आला.

रोटाचं तुम्हाला मी काय सांगणार, तुमच्याच हातचा असतो. घरातल्या प्रत्येकाच्या नावाने सव्वा मूठ गहू दळलेले, आणि ज्याचं त्यानं, नाहीतर भाऊबंदांनीच, संपवायचं. बाहेरच्याला द्यायचं नाही, टाकायचं तर मुळीच नाही. मयुरीच्या नावाची मूठ सासूबाईंनी स्वतः मोजलेली. ताटात पडल्यावर ‘नको’ म्हणण्याची सोय नाही, आणि का नको हे सांगण्याची तर त्याहून नाही.

आरती झाली, वाजंत्री चालूच होती, पंगत बसली. मयुरीने पहिला घास गालाच्या एका कडेला धरून चावला आणि मागच्या दाढेवरची तार निसटून गालात घुसली. तोंडात रोट, तो थुंकायचा नाही. पोर उठून उभी राहिली, डोळ्यांत पाणी, केस सुटलेले, मान गदागदा हलवतेय आणि मिटल्या तोंडाने ‘उं, उं’. मी उठेपर्यंत आमच्या गावचे, भावकीतले झुलालनाना ओरडले, “माय उनी! वाजाडा रे!” वाजंत्रीवाल्यांनी असा जोर धरला की माझं कोणाला ऐकूच जाईना. बायकांनी हळद-कुंकू लावलं, कोणी ओटी भरली. भावकीतल्याच सपनाने विचारलं, माझ्या मालकांची बदली भुसावळला होईल का? मयुरी कळवळून खाली वाकली, सपनाने तो होकार धरला. झुलालनानांनी विचारलं, माय, केळीचे घड आत्ता कापू की भाव वाढायची वाट पाहू? मयुरीने गाल दाबून जोरात मान हलवली. ‘वाट पाहू नको’ असं समजून नानांनी सोमवारीच घड कापायला दिले, आणि मंगळवारी भाव पडला! आता ते गावभर सांगत फिरताहेत.

शेवटी सासूबाईंनी नातीच्या पायांवर डोकं ठेवलं. अक्का, मला त्या वेळी धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांनी हात जोडून विचारलं, “माय, काय जोयजे तुले?” मयुरीने बोटाने तोंड दाखवलं, म्हणजे माझ्याकडे बघून, मदतीसाठी. सासूबाईंनी तोंडात रोटाचा आणखी एक तुकडा घातला.

मी तिला ओढत मोरीत नेलं आणि कुंकवाच्या काडीच्या मागच्या टोकाने तार जागच्या जागी दाबली. उरलेला रोट दुधात कुस्करून भरवला, एक कणही टाकला नाही. तिथेच संपलं असतं. पण संध्याकाळी किरण काहीतरी बोलला आणि मयुरी हात न लावता हसली. वर्षभराने पहिल्यांदा, आणि तेही नेमकं सासूबाईंच्या समोर!

“हाई काय शे व माय? पोरीना तोंडमा कुंपन?” पुढचं तुम्ही ऐकलंच. वरचे दोन दात गेले हे कळल्यावर त्यांनी तिचे डोळे दोनदा तपासले, भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले ते विचारून. तार काढल्याशिवाय यावलला पाय ठेवणार नाही म्हणाल्या, आणि राहिल्या तुमच्याकडे. ह्यांनी आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ताटातला भात निवडायला लागले.

अक्का, त्या दिवसापासून मयुरी विचारते, आई, काढतील का गं? एवढंच. मी नाही म्हणते, पण आवाज माझाच मला पटत नाही. आईचा शब्द ह्यांनी आजवर मोडलेला नाही. पण पोर आता आरशासमोर उभी राहून सूत्रसंचालन पाठ करते. बाईंना जाऊन सांगून आली की आवाज सुटला.

मोठ्या भाऊंना नमस्कार, किरणला आशीर्वाद.

तुमची,
मंदा

ता. क. – मुद्द्याचं राहिलंच. किरणचे साखरपुड्याचे फोटो सासूबाईंना रोज एकेक करून दाखवा. आणि पोळ्यापर्यंत तरी त्यांना ठेवून घ्या. पोळ्यानंतर दिवाळीपर्यंतही चालेल. तुमच्याकडची हवा त्यांना मानवते.

दुसरा ता. क., एकादशी, गुरुवार – वरचा ता. क. रद्द समजा. आत्ताच सासूबाईंचा फोन आला. रविवारी येताहेत. तीन रात्री विचार केला म्हणाल्या. मायनं खुद्द बोटानं पोरीचं तोंड दाखवलं, आपल्यालाच कळलं नाही, आपण रोट कोंबला. “मायनी सांगेल काम शे, आते ती तार काढानी नही!” इतकंच नाही, दर महिन्याला तार आवळायला मयुरीला जळगावला त्याच नेणार आहेत, त्यांना एस. टी. फुकट आहे. उरलेल्या दोन हप्त्यांना स्वतःच्या वाट्याच्या केळीचे पैसे देणार आहेत. मयुरीने फोन माझ्या हातातून ओढून घेतला आणि इतक्या मोठ्याने हसली की शेजारच्या दीपमाला बाहेर येऊन बघून गेल्या.

तेव्हा अक्का, पत्र लिहिण्याचं खरं काम आता हे. मोरीतलं, कुंकवाच्या काडीचं, सगळं तुमच्याजवळच ठेवा. तुम्ही खोटं बोला असं मी म्हणत नाही, एकादशीच्या दिवशी तर नाहीच. सासूबाईंनी विचारलं तर सांगा. पण त्या विचारायला लागल्या असं दिसलं की तुमचा गुडघा दुखायला लागू द्या.

आणि मीही खोटं बोलतेय असं मला वाटत नाही. डॉक्टरांना काल फोन केला होता. ते म्हणाले, वहिनी, ती तार मी स्वतः दोनदा ओढून पाहिली होती, ती निसटायला नको होती.