किसन माळ्याचं कार्ड

इंझोरी, गुरुवार, मार्गशीर्ष

गावचं टपाल शाळेत येतं, वाटतो मीच. आज माझी कथा मासिकाकडून तिसऱ्यांदा परत आली. त्याच थैलीत किसन माळ्याला संपादकाचं कार्ड: कथा आवडली, छापतो! त्या मासिकात कंपाउंडर लिहितात, जंगलातले नाकेदार लिहितात, आता हा वांगी पिकवणारा. आणि वीस वर्षं पुस्तकं वाचतोय मी! कार्ड टेबलाच्या खणात टाकलं.

संध्याकाळी किसन वांगी घेऊन आला.

"मास्तर, माह्यं काई आलं काय?"

"नाही."

"जाऊ द्या. तुमची गोष्ट तं छापून येईनच. मले लिवाले तुमीच शिकवलं."

कार्ड उद्या देईन. देईन ना?

जेवायला त्याच वांग्यांची भाजी होती, लोण्यासारखी. त्याचाही राग आला. तरी दोनदा मागून घेतली.