धाकटीचा तुकडा

दि. ९ नोव्हेंबर, शनिवार

चि. बाबूस,
ताईचे आशीर्वाद. ते कितपत लागू पडतात कुणास ठाऊक, पण लिहायची रीत आहे म्हणून लिहिले.

माझं बरं चाललंय. गुडघा दुखतो, स्वयंपाकघरातला नळ पुन्हा गळायला लागलाय आणि वरच्या मजल्यावरच्यांनी कुत्रं आणलंय, ते दिवसभर माझ्या डोक्यावर नखं वाजवत फिरतं. एवढ्या तीन बातम्या. चौथी सावकाश सांगते.

तुझं पत्र मंगळवारी पोचलं. पाकिटावरचं अक्षर बघून आधी वाटलं, एखाद्या शाळकरी पोरानं लिहिलंय. अरे, निम्म्या बाजारातल्या पाट्या तू रंगवल्यास! पट्टी न लावता सरळ रेघ ओढायचास, माणसं बघायला थांबायची. आता तुझा साधा 'त' ओळीवरून घसरतो. तरी स्वतःच्या हातानं लिहिलंस, याचं कारण मला कळलं. एरवी तुझी पत्रं चिमी लिहिते आणि माझीही तीच तुला वाचून दाखवते, कारण तुला दोन ओळींनंतर धूसर दिसतं. आत्ताही तीच वाचत असणार. चिमे, बाळा, सावकाश वाच. मोठ्यानं वाच. मधलं एक वाक्यही गाळू नकोस, तुला आत्याची शपथ आहे.

फोनही केला असता. पण फोनवर तू रडतोस आणि मी विरघळते. बावन्न वर्षांत स्वतःबद्दल एवढं तरी कळलंय.

कामाचं सांगते. आमच्या खोलीत काय चालतं ते तू कधी विचारलं नाहीस, तुला फक्त रिपोर्ट कधी मिळेल तेवढं हवं असतं. माणसाच्या आतला तुकडा बाटलीतून येतो. आम्ही तो मेणात बसवतो, यंत्रावर केसाहूनही पातळ कापतो, काप कोमट पाण्यावर सोडतो आणि काचेवर अलगद उचलून रंगवतो. माझी एक जुनी सवय आहे. मी आधी काप बघते आणि चिठ्ठीवरचं नाव मग वाचते. नाव आधी वाचलं की काप बिघडतो. सव्वीस वर्षं हीच रीत.

गेल्या महिन्यात एक यकृताचा काप आला. सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर पेशीपेशीत गोल पांढरी भोकं. तिथे चरबी साठलेली असते, आमच्या रसायनांत ती विरघळते आणि भोक राहतं. काही पेशी फुगून टम्म झालेल्या. मधूनमधून जाड धाग्यांच्या गाठी. शेजारच्या टेबलावरच्या पोरीला मी म्हटलं, "हा बघ, पितोय मेला. यानं आपल्या यकृताची चाळण करून टाकलीय." ती हसली. मग मी चिठ्ठी वाचली.

तुझं नाव होतं.

पण बाबू, खरं सांगायचं तर तेही बरोबर नाही. रक्त तुझं, बरगड्या तुझ्या, काप मात्र तुझा नव्हता. त्या पेशी धाकटीच्या, आपल्या लहान बहिणीच्या. दोन वर्षांपूर्वी तिच्यातून काढून तुझ्यात शिवल्या त्याच, आणि त्यांची पिलावळ. धाकटीचं जिवंत असं या जगात तेवढंच उरलंय, आणि ते तुझ्या पोटात आहे. त्यावर तू रोज दारू ओततोस.

डॉक्टरांनी आपल्याला कागदावर चित्र काढून दाखवलं होतं, आठवतं? अर्ध्याहून जास्त यकृत काढलं तरी उरलेलं काही आठवड्यांत वाढून जागा भरून काढतं. धाकटी म्हणाली, "म्हणजे पालीच्या शेपटीसारखं? मग घ्या की, त्यात काय!" दिवसभर पाण्यात उभी राहून दुसऱ्यांच्या पोरांना पोहायला शिकवणारी ती. शस्त्रक्रियेनंतर चार दिवसांनी फुप्फुसात रक्ताची गाठ अडकली आणि गेली. तिचा श्वास संपला, यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. तिच्या आत उरलेल्या तुकड्याचा काप मीच कापला. सगळे नको म्हणत होते, मी हट्ट केला. तेव्हा एकदाच मी नाव आधी वाचलं. सूक्ष्मदर्शकाखाली बघते तर पेशी दुप्पट होता होता थांबलेल्या. एकीच्या दोन, दोनाच्या चार, जिकडे बघावं तिकडे. बाई मेली होती आणि तिच्या पोटात कामाची घाई चालली होती. भावाला दिलेली जागा भरून काढायची होती ना!

आणि तुझ्यातल्या? त्यांनाही तेच करायचं होतं. पहिले सहा महिने केलंही, तू तेव्हा पीत नव्हतास. मग तू सुरुवात केलीस. दारू पेशी मारते हे तर रस्त्यावरचं पोरही सांगेल. पण उरलेल्या पेशीलाही ती धड वाढू देत नाही. जुनी मरते, नवी येईना होते, आणि मग जागा भरायला ते जाड धागे येतात. ते कामाचे नसतात, नुसते बसून राहतात. आपल्या घरातही असे होते, पण आता मेलेल्यांची नावं घेत नाही.

तू डॉक्टरांना सांगितलंस, दोन वर्षांत थेंब नाही. चिमीलाही तेच सांगितलंस. डॉक्टर भला माणूस. म्हणाले, अशी भोकं साखरेनं पडतात, औषधांनीही पडतात, आपण रक्त बघू. रक्तात दारूची खूण काही आठवडे राहते. अठरा तारखेला तुझं रक्त घेणार आणि ते स्वच्छ निघालं तर चिमी सही करणार. वीस वर्षांची पोर, चष्म्याच्या दुकानात उभी राहून घर चालवते, तिचं यकृत आता तुला हवंय. बहीण पचवलीस, आता लेक. वा रे बाप!

म्हणून तुझं पत्र. आता तेही वाचून होऊ दे. तू लिहिलंस, "ताई, मागच्यासारखं एकदाच कर. चिमी तुझं पत्र वाचते, म्हणून जास्त काही लिहू नकोस. हो असेल तर शेवटी 'काळजी करू नकोस' एवढंच लिही, मी समजेन."

चिमे, वाचायची थांबू नकोस. मागच्यासारखं म्हणजे काय ते मी सांगते.

शस्त्रक्रियेआधी तुझ्या बापाला सहा महिने कोरडं राहायचं होतं आणि दर महिन्याला रक्त द्यायचं होतं. चार महिने तो राहिला, खोटं कशाला बोलू. पाचव्या महिन्यात आला तेव्हा तोंडाला वास. जिन्यात माझे पाय धरले. जेवणाच्या सुट्टीत रक्ताच्या खोलीत कुणी नसतं, नळ्या जाळीत उभ्या असतात. मी स्वतःचं रक्त काढलं, त्याच्या नावाच्या नळीत भरलं आणि त्याचं रक्त नाल्यात सोडलं. पाचव्या महिन्यात एकदा आणि सहाव्या महिन्यात एकदा. दोन मिनिटांचं काम. कुणालाही कळलं नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी जगले असते. सहाव्या महिन्याचा रिपोर्ट आला त्या दिवशी धाकटी माझ्या टेबलाजवळ उभी होती, ओल्या केसांनी, तशीच तलावावरून आलेली. तिनं मला विचारलं, "ताई, तू रोज दुसऱ्यांची खरी पोटं बघतेस, म्हणून तुलाच विचारते. दादानं खरंच सोडलीय ना? सोडली असेल तर मी देते. नसेल तर नाही देणार, मला अजून जगायचंय."

मी म्हटलं, "सोडलीय गं."

दोन वर्षं हे वाक्य मी कुणाला सांगितलं नाही. बाबू, तुझा राग येतो, इतका की तू समोर असतास तर थोबाडीत दिली असती. पण धाकटीला तू मारलं नाहीस. तू फक्त रडलास. मारलं मी. माझ्या रक्तानं, माझ्या तोंडानं. तू तर दारुडा, तुझा शब्द कुणी धरला असता? तिनं माझा धरला.

आणखी एक, म्हणजे काही उरायला नको. तेव्हापासून मी झोपेच्या गोळ्या घेते. आधी अर्धी, मग एक, आता दोन. म्हणजे तुझ्यासाठी पुन्हा नळी भरायची म्हटली तरी आता माझंही रक्त स्वच्छ नाही. हसायचं असेल तर हस. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं, असं मी तुला आयुष्यभर ऐकवलं. आता आरशात बघूनही म्हणते.

पण नाही म्हणण्याचं कारण गोळ्या नाहीत. रक्त स्वच्छ असतं तरी मी नाहीच म्हटलं असतं.

आता चौथी बातमी. काल डॉक्टरांसमोर बसून मी सगळं सांगितलं आणि लिहून सही केली. तारखा, नळ्या, सगळं. त्यांनी मला पाणी दिलं. सोमवारपासून मी कामावर नाही. पुढे काय होईल ते होईल, पोलीस येतील तर येतील. तुझं रक्त आता दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेत जाणार आहे. तिथे तुझी बहीण नाही.

चिमे, सही करू नकोस. तुझा बाप तुला म्हणेल की आत्याचं डोकं फिरलंय. तो रडेल. त्याला रडायला फार छान येतं, लहानपणापासून. तू त्याला जेवायला घाल, पाय चेप, हवं तर सोबत रड, पण पोटाला हात लावू देऊ नकोस. आणि मला क्षमा करू नकोस, घाई नाही.

बाबू, मला ठाऊक आहे मी काय लिहितेय. तू मरशील. सहा महिने खरोखर कोरडा राहिलास तर माझं यकृत द्यायला माझं वय चालेल का ते मी स्वतः जाऊन विचारीन, गोळ्याही सोडीन. पण तुझ्याकडे सहा महिने नाहीत. हे बहीण म्हणून सांगत नाही, काप बघून सांगते. तुला पाठीवर घेऊन शाळेत नेलं होतं मी, पावलाला काच लागली होती तेव्हा. जीव तुटतो रे. तरीही नाही.

फक्त एक मागते, ते तुझ्यासाठी नाही. जे काही आठवडे आहेत तेवढे धाकटीला दारू पाजू नकोस. ती कधी प्यायली नव्हती. तिच्या पेशींना अजून वाढायचं असेल तर वाढू दे, चार दिवस तरी. त्या तिच्या आहेत, त्यांना काम करायची सवय आहे.

शेवटी काय लिहायचं ते तू सांगितलंच होतंस. ते मी लिहिणार नाही.

काळजी कर, बाबू.

तुझी, आणि आधी जिची व्हायला हवी होती त्या धाकटीची,
ताई