यादोराव सरांची मिशी

बोदलकसा,
१० जुलै २०२२

ती. स्व. देवानंददादास,
चंदाचा सा. न. वि. वि.

भाताची रोवणी सुरू आहे, घरी सगळे खुशाल. फोन सोडून पत्र लिहिते, कारण मी फोनवर बोलू लागले की रिंकू माझे ओठ वाचते, आणि हे तिला कळायला नको.

कोरोनात शाळा बंद. उघडली तर सगळ्यांच्या तोंडाला मास्क. ऐकू न येणाऱ्या पोरीने वाचावं काय? यंदा मास्क गेले तशी नाचत शाळेत गेली आणि दोन दिवसांत दप्तर फेकून घरी बसली. नवे यादोराव सर जीव तोडून शिकवतात, पण त्यांची झुपकेदार मिशी ओठांवर उतरलेली! रिंकूचे बाबा म्हणतात, दिवाळीनंतर नागपूरच्या निवासी शाळेत टाकू. शाळा चांगलीच असेल, पण दहा वर्षांची पोर मला दूर धाडवत नाही. आणि सरांना मिशीचं बाईमाणसाने सांगावं तरी कसं?

लोभ आहेच, सोबत थोडी अक्कलही पाठव.
तुझी चंदा

गोंदिया,
१६ जुलै

चि. चंदास अ. उ. आ.

लहानपणी माझ्या तक्रारी बाबांकडे धडाधड करायचीस, आता एका मिशीला भ्यालीस होय? रडल्याशिवाय आईही दूध पाजत नाही. पायाचा चिखल धू, शाळेत जा आणि सरळ सांग. फार तर नाही म्हणतील. तोवर सुखरामरावांना नागपूरचं ठरवायला धीर धरायला सांग. बाबा बरे आहेत. रिंकूला मामाचा पापा.

तुझ्यावर माया करणारा,
देवानंद

बोदलकसा,
२ ऑगस्ट

ती. स्व. दादास सा. न.

गेले, बोलले. सर हजेरीपट उचलून वर्गात निघून गेले. मला वाटलं, रागावले. दुसऱ्या दिवशी मिशी साफ! आपल्याकडे माणूस मिशी कधी उतरवतो, तुला ठाऊकच. भाताच्या बांधीतला चिखल पायांना घेऊन निम्मा गाव सरांच्या अंगणात सांत्वनाला जमला. बायांनी तर गळाच काढला. तेवढ्यात सरांचे वडील चैतरामबुवा काठी घेऊन बाहेर आले आणि ओरडले की मी जित्ता आहो, कायले रडून राहिले! मग सरांनी सांगितलं, पोरीला ओठ दिसत नव्हते म्हणून काढली.

परवा आम्ही दोघं शाळेच्या खिडकीशी उभे होतो. सरांनी प्रश्न विचारला आणि आमच्या रिंकूने हात वर केला. ह्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने डोळे पुसले, नागपूर नको म्हणाले. दादा, सरांचे उपकार जन्मभर विसरणार नाही, तुझेही.

एक सांगू? रिंकू काल खुणेने म्हणाली की मामाचं बोलणं तिला आजवर कधी कळलंच नाही. तू हसायचास, म्हणून ती हसायची.

लोभ आहेच. पोळ्याला येशील तेव्हा न्हाव्याकडून ये. बाबांना मात्र आधी सांगून ठेव.

तुझी चंदा