पॉलिफेनॉलची बाटली

ती. दाजींना नमस्कार. ताईची कंबर आणि तुमचा खोकला, दोन्ही ताळ्यावर आले असतील अशी आशा आहे. इकडे माझं ब्लडप्रेशर आणि सासरेबुवांचं गाणं सोडलं तर सगळं ठीक. त्या दोहोंबद्दलच लिहितोय.

तुम्ही मागच्या भेटीत रेड वाइन दिलीत आणि जेवताना समजावलंत, की काळ्या द्राक्षांच्या सालीत पॉलिफेनॉल नावाची द्रव्यं असतात, ती रक्तवाहिन्या सैल ठेवतात. (बाटली आधीच उघडलेली का होती, हे विचारायचं राहिलं.) हिने ऐकलं ‘फिनेल’! सकाळी बाटली बाथरूममध्ये, घासायच्या ब्रशशेजारी. म्हटलं, "अगं, ती हृदयासाठी आहे!" तर म्हणाली, "मग हृदय घेऊन तिकडेच जात जा." तेव्हापासून मी रोज आत उभा राहून खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने एक झाकण घेतो. घेताच छाती हलकी होते, डोकंही थोडं तरंगतं.

पण बाटलीतली पातळी रोज बदलते. कधी घटते, कधी (हे त्याहून वाईट) वाढते! म्हणजे कोणीतरी पिऊन वर पाणी घालतंय. पेन्सिलीने खूण केली, तर ती पुसलेली. माझा संशय सासरेबुवांवर आहे. एरवी दोन तांब्यांत आंघोळ उरकणारा हा माणूस हल्ली आतून बाहेर निघत नाही, वर गातो. परवा तर मला ‘जावईबापू’ म्हणाले, लग्नानंतर पहिल्यांदाच. मी दाराला कान लावला तर आतून आवाज आला, "कोण आहे रे तिकडे?" मी म्हटलं, "नळ बघतोय." नळ आत आहे, हे नंतर लक्षात आलं.

डॉक्टरांना आडून विचारलं. ते म्हणाले, ती द्रव्यं खरी, पण पेल्यात अगदी नावापुरती. त्यामुळे हृदय सुधारतं हे काही सिद्ध झालेलं नाही, दारूने प्रेशर मात्र वाढतं. आणि या खेपेला उतरलं नाही तर गोळी दुप्पट करू. (त्यांचं स्वतःचं नाक बरंच लाल आहे.) मग मोजलं, तर चक्क उतरलेलं! डॉक्टरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. आता बोला.

आपला,
मेहुणा

ता. क. बाटली संपण्याआधी दुसरी पाठवा. बुचाला कुलूप लागत असेल तर उत्तम.

आणखी एक ता. क. दाजी, पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं, म्हणून लिहिते. फिनेल कशाला म्हणतात ते मला कळतं. तुमची वाइन मी त्याच दिवशी मोरीत ओतली. बाटलीत द्राक्षांचा रस आहे. आंबू नये म्हणून रोज बदलते. खूणही मीच पुसली. त्यावर बाबा गातात, हे तरंगतात, आणि दोघं एकमेकांशी गोड बोलतात, म्हणून मी गप्प आहे. प्रेशरच्या गोळ्या हे रोज विसरायचे. आता पट्टी बाटलीलाच रबराने बांधून ठेवलीय, एक चुकत नाही. तेव्हा बाटली पाठवायचीच तर रिकामी पाठवा. वन्सं म्हणत होत्या, तुमच्याकडे पुष्कळ साठल्यात.