पोटातली नाडी

२९ नोव्हेंबर १९९८

कापडे गावात जीप सोडली आणि दीड तास डोंगर चढून सासरी पोचले. सगळ्यांत मागे मीच होते, पण कुणी हसलं नाही. सहा घरांची वाडी, माणसांपेक्षा म्हशी जास्त. सासूबाईंनी, म्हणजे साळूबाईंनी, पायांवर पाणी घातलं आणि आत नेऊन आधी तांब्याभर ताक दिलं. सासरे भागोजी फारसं बोलतच नाहीत, कशालाही 'बरं' म्हणतात. विनोद लग्नाच्या रजेवर बारा दिवस आहे, मग मुंबईला कामावर. मला आवडलंय इथे. महाडच्या आमच्या दोन खोल्यांत एवढा उजेड कधी बघितला नव्हता.

खरी गोष्ट फक्त या वहीत लिहिते. तीन वर्षांपासून माझ्या मोठ्या रक्तवाहिनीला सूज आहे. डाव्या मनगटाला नाडी लागतच नाही, रक्तदाब पायाला मोजतात. त्यासाठी रोज सकाळी स्टिरॉइडच्या सहा गोळ्या घ्यायच्या. मुंबईच्या डॉक्टरांनी बजावलंय की गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत, आणि त्यांना विचारल्याशिवाय मूल नको. शिवाय त्याच रक्तवाहिनीला पोटात फुगा धरला तर बेंबीच्या वर धडधड हाताला लागेल, तसं झालं तर त्याच दिवशी निघून यायचं. फुगा फुटला तर वेळ मिळत नाही म्हणे. आईने मात्र लग्नाआधी शपथ घालून वदवून घेतलं, की सासरी विचारलं तर 'रक्तवाढीच्या गोळ्या' म्हणायचं. दुखणाईत मुलीला स्थळ कोण देणार? सहा महिन्यांचा साठा बिस्किटांच्या डब्यात आणलाय. विनोदला मी सांगणार आहे, जरा ओळख होऊ दे.

१७ जानेवारी १९९९

या गोळ्यांची भूक म्हणजे भूक नव्हे, वखवख. पाच भाकऱ्या खाऊन मी टोपाकडे बघत बसते. सासूबाई खूश, सून अंगाला लागली म्हणतात. आरशात आधी गाल दिसतात, त्यांच्यामागून कुठेतरी मी. ओठावर लव आलीय. झोप तीन तास, तीही तुटक.

इथे बायका महिन्याचे चार दिवस पडवीत बाहेर बसतात, त्यामुळे कुणाचं काय ते वाडीला पाठ असतं. मी आल्यापासून एकदाही बसले नाही. गोळ्यांमुळे माझी पाळी अशीच, आली तर आली. काल भाकऱ्या थापताना सासूबाईंनी हळूच विचारलं. काय सांगणार? मी मान खाली घातली. त्यांना ती लाज वाटली. संध्याकाळपर्यंत मला दिवस गेल्याचं सहाही घरांत कळलं होतं. मला हसूही आलं आणि धडकीही भरली. खरंच असेल का, असंही एकदा मनात येऊन गेलं.

९ मार्च

शिमग्याला विनोद आला होता. पिशवीतून त्याने इवलंसं झबलं काढलं, पिवळं. चार दिवस रोज उद्या सांगते, उद्या सांगते म्हणत राहिले आणि तो गेला.

तो गेला त्याच दिवशी मला पाळी आली. नीट, चार दिवस. मी ओढ्यावर एकटीने कपडे धुतले आणि बाहेर बसले नाही. आता हे खोटं आईचं राहिलं नाही, माझंच झालं.

पोट वाढतंय, त्यावर जांभळे पट्टे उठलेत. दंडांवर नुसतं बोट लागलं तरी काळंनिळं पडतं. शेजारची आवडी पट्टे बघून म्हणाली, मुलगाच.

२ मे

आज सासूबाईंनी सुईणीला बोलावलं. चंद्राबाई. वाडीतली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मलीत. तिने आधी माझं डावं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलंच नाही. मग हात पोटावर ठेवला, बेंबीच्या वर. तिचा चेहरा खुलला. म्हणाली, "हाताची नाडी पोरानं वडून घेतली हाय. बघ कशी उडतेय."

सासूबाईंनी हात ठेवला. मग आवडीने. मग मीही ठेवला.

धडधडतंय. लिंबाएवढं काहीतरी, जोरात. सगळ्या बाया हसत होत्या आणि मला डॉक्टरांनी सांगितलेला फुगा आठवत होता. मी लगेच म्हटलं, मला आजच खाली न्या, महाडला, मुंबईला. चंद्राबाई म्हणाली की आईच्या हातची ओटी भरल्याशिवाय गरवार बाईने ओढा ओलांडायचा नसतो. सासूबाई म्हणाल्या, घाबरू नको, आईलाच वर बोलावते.

३ मे

डबा रिकामा आहे. सासूबाईंनी गोळ्या शेणखड्ड्यात टाकल्या. गरम औषध पोटातल्याला लागतं म्हणे, आणि रक्तच वाढवायचं तर नाचणी आणि खजूर आहेत की घरात. त्या माझ्यावर रागावल्या नव्हत्या, उलट समजूत घालत होत्या. मी पायांवर पडून सगळं सांगितलं. दुखणं, शपथ, मार्चमधली पाळी, सगळं. त्या माझे डोळे पुसत राहिल्या. पहिलटकरीण असंच काहीबाही बरळते, म्हणाल्या.

शेणखड्ड्यात हात घालून शोधलं. दोन सापडल्या, विरघळलेल्या. धुऊन खाल्ल्या.

५ मे

एकटीच उतरायला निघाले. गोळ्यांनी मांड्यांत जोर ठेवलेला नाही. ओढ्यापर्यंतही पोचले नाही. सासऱ्यांनी उचलून आणलं.

त्यांना हात जोडून म्हटलं, पोलादपूरहून मुंबईला फोन लावा, विनोदला बोलवा. ते बरं म्हणाले. खरंच जाऊन आले. विनोदला सांगितलं, समदं ठीक हाय. तो ठरल्याप्रमाणे २३ तारखेलाच येणार.

९ मे

आई आली. मी धावत जायला उठले आणि तिथेच बसले. मनात म्हटलं, हिला सगळं ठाऊक आहे, ही सांगेल. सगळ्यांदेखत म्हटलंसुद्धा, आई, सांग यांना. आईने सासूबाईंकडे बघितलं, मग माझ्या पोटाकडे. हात ठेवला आणि रडायलाच लागली. मला जवळ घेऊन म्हणाली, "डॉक्टर चुकले गं. तुझं नशीब उघडलं."

तिने ओटी भरली. मी म्हटलं, आता ओढा ओलांडते, मला ने. चंद्राबाई म्हणाली, उलट्या थांबू देत, मग न्या. आई बरं म्हणाली आणि दुपारी उतरून गेली. आईचा राग येत नाही, भीती वाटते. तिला खरंच वाटतंय.

१२ मे

पाणीही ठरत नाही. उभी राहिले की अंधारी. औषध तोडल्यामुळे होतंय, मला माहीत आहे. त्या म्हणतात, मुलगा त्रास देतो.

वही पोटावर टेकवून लिहितेय. अक्षरं उडतात. ठोक्याला एक.

१४ मे

उजव्या मनगटाची नाडीही आज सापडत नाही. सगळी तिथेच गेली. कानात तेच, उशीत तेच. आवडी दारातून म्हणाली, इथवर दिसतंय उडताना —

चंद्राबाई खरं बोलत असेल तर? मला काहीतरी ओढून घेतंय हे तर खरंच —

१५ मे

आज त्याच्याशी बोलले. बाळ म्हटलं. म्हटलं, हळू रे.

मग जोरात उडलं. मी बाळ म्हणायला नको होतं —

नाही. ते बाळ नाही. मला पाळी आली होती. मार्चमध्ये. मी स्वतः धुतलंय.

१७ मे, सकाळ

पाठीत कळ. सुरा फिरवल्यासारखी. खाली पायात उतरते. चंद्राबाई म्हणते, कळा आधीच सुटल्या, सातवा लागलाय, सातव्यातली पोरं जगतात. चूल पेटवली. पाणी ठेवलं.

मी ओरडून सांगितलं, जोर करायला लावू नका. फुटेल. त्या म्हणाल्या, फुटणारच, त्याशिवाय कसं —

विनोद, ही वही वाच. यांच्यावर चिडू नको. मीच मान खाली —

चंद्राबाई हात धुतेय. तेवढ्यात लिहिते. मला खाली न्या कुणीतरी, उचलून, कसंही — पाय गार आहेत. सासूबाई पाठीमागून धरून बसवतायत. डोक्यावरून हात फिरवतायत. किती मायेने म्हणतात, ठेव ती वही, माझ्या बाय, आता एकदाच, एकदाच जो