कॅटरमोलच्या शेतातलं शिरस्त्राण

१२ सप्टेंबर
धातू शोधायचं यंत्र घेऊन शेतकरी कॅटरमोलच्या शेतात. गहू निघालाय, नुसती धसकटं. आजची लूट — बाटल्यांची बुचं, काडतुसाचं टोपण आणि एक रोमन बटण! घरी येऊन धुतलं. पोस्टमनच्या कोटाचं निघालं. नवरा म्हणाला, "रोमनांनाही टपाल येत असेल की गं." लेनर्डला असलं बरं सुचतं!

१३ सप्टेंबर
पाऊस. बटण परत धुतलं. पोस्टमनचंच.

१५ सप्टेंबर
अक्षर वाकडं येतंय. 

ओढ्याकडच्या कोपऱ्यात यंत्र असं किंचाळलं की अंगावर काटाच आला. खणलं. गोल, गंजलेलं, चांगलं मोठं. सॅक्सन सरदाराचं शिरस्त्राण! पेपरात माझा कुठला फोटो द्यायचा तेही ठरवून टाकलं — निळ्या कोटातला. खुरप्यानं दोनदा ठोकून पाहिलं — टण्! टण्! कॅटरमोलला फोन केला आणि तो येईपर्यंत खड्ड्याच्या काठावर, पाय मजेत शिरस्त्राणावर टेकवून, सँडविच खात बसले.

तो आला. नेहमीसारखं, "काय बाईसाहेब, माझं भंगार वेचून झालं का?" मग खाली वाकला. एकदम आवाज उतरला.
"सावकाश उठा."
"थांबा हो, एवढं सँडविच—"
"खड्ड्यात गेलं सँडविच! बॉम्ब आहे तो!"

जर्मन. महायुद्धातला. जिवंत.

१६ सप्टेंबर
अख्खं गाव चर्चच्या हॉलमध्ये, माझ्या कृपेनं. शेतात लष्कराची माणसं. लेनर्ड घरच्या सपातांवरच आला. जो तो विचारतोय, "सरदारीणबाई, शिरस्त्राण बसलं का डोक्याला?" हसले मीही. करते काय! कॅटरमोल मात्र भिंतीकडे तोंड करून बसलेला. माझ्याकडे बघेचना.

दुपारी धडाम्! खिडक्या हादरल्या. शेतात म्हणे विहिरीएवढा खड्डा पडलाय.

यंत्र विकणार. भरतकाम शिकणार.

१८ सप्टेंबर
कॅटरमोल दारात. टोपी हातात. ओरडायलाच आला असणार म्हणून मीच आधी माफी मागायला लागले. त्यानं हातानंच थांबवलं. म्हणाला, "सोमवारी त्या कोपऱ्यात खोल नांगर घालणार होतो. ट्रॅक्टरवर हेस्टर बसणार होती."

हेस्टर त्याची मुलगी. एकुलती.

मी त्याला हाताला धरून आत आणलं, खुर्चीत बसवलं.  लेनर्ड उठला आणि चहा ठेवायला गेला.