चार बोटांचा कठडा

जव्हार, मंगळवार, दिवेलागण

मुलींच्या वसतिगृहासाठी दुमजली पलंग निवडायच्या समितीत मला घेतलं. वार्ताहर, त्यात संस्कृत शिकलेला, म्हणजे पलंगातलंही कळत असणारच. दुकानात मी पलंग हलवून पाहिला, शिडी चढलो, वरचा कठडा वीतभर भरला. उत्तम म्हणालो. आमच्याकडे अंथरायची ती गोधडी, म्हणून गादीचा विचारच केला नाही. एक गादी टाकून बघायला काय झालं होतं?

मग कुणी दात्याने जाड गाद्या दिल्या. आज पाहिलं, गादीच्या वर कठडा उरलाय चार बोटं. त्याने उशीसुद्धा अडायची नाही.

अधीक्षिकाबाईंना म्हटलं, मुलींना खाली जमिनीवर झोपू द्या.

"उद्या तपासणी आहे, सर. आणि पलंग पसंत कुणी केले?"

"मग निदान गाद्या काढा."

"दातेही येणार आहेत."

वरच्या पलंगावर जामसर गावची एक सहावीतली मुलगी बसली होती. घरी कायम जमिनीवर झोपलेली.

"पडशील ना गं?"

"नाय पडत, काका. आम्ही ओढणीनं कठड्याला बांधून घेतो."

त्या चार बोटांच्या कठड्याला. तिने बांधून दाखवलं. मी म्हटलं, "गाठ अगदी शास्त्रशुद्ध दिसते हो." ती हसली. मला जमलं नाही.

"आणि रात्री बाहेर जायचं झालं तर?"

"अंधारात गाठ सुटत नाय, काका. म्हणून सांजेपासून आम्ही पाणीच पीत नाय."